मालवणच्या होडीसाठी फोनवरून भरलेले १४,४०० रुपये

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबे मिळून नऊजण आत्याकडे मालवणला गेलो होतो. आत्याचे घर वायरीला आहे आणि तिथून रिक्षाने थोड्याच वेळात जेटी गाठता येते. चार दिवसांत एकदा सिंधुदुर्ग किल्ला, एकदा देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम आणि शक्य झाल्यास मुलांसाठी स्कुबा, असा साधा बेत होता. नाताळच्या आठवड्यात गर्दी फार असते असे ऐकून होते, म्हणून २७ तारखेच्या दुपारी जेवणे आटोपल्यावर ओटीवर बसून मी फोनवरच होडीचे आरक्षण शोधू लागले. घरात चाळीस वर्षे मालवणात राहिलेली आत्या असताना तिला एक शब्दही न विचारता मी हे केले, याचे मला आजही वाईट वाटते.

नकाशाच्या ॲपवर जेटीजवळ एक नाव दिसले. त्याखाली होडीचे, लाइफ जॅकेट घातलेल्या पर्यटकांचे आणि पाण्याखालच्या माशांचे फोटो होते, आणि एक मोबाइल नंबर होता. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत आणि अदबीने बोलत होता. किल्ला, डॉल्फिन आणि स्कुबा मिळून माणशी ८०० रुपये, म्हणजे नऊजणांचे ७,२०० रुपये होतील आणि निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागेल, असे त्याने सांगितले. मी ३,६०० रुपये पाठवले. लगेच व्हॉट्सॲपवर एक पावती आली. तिच्यावर शिक्का होता, होडीचा क्रमांक होता आणि ‘सिंधुदूर्ग’ असे चुकीचे शुद्धलेखन होते. ते मला खटकले, पण घाईत छापले असेल म्हणून मी सोडून दिले. पैसे पाठवताना स्क्रीनवर आलेले नाव त्या व्यवसायाचे नव्हते, कोणा भलत्याच व्यक्तीचे होते, तेही मी पाहून दुर्लक्षित केले.

खरी फसवणूक पुढच्या अर्ध्या तासात झाली. त्याचा फोन आला की आगाऊ रक्कम ‘चुकीच्या खात्यात’ जमा झाल्याने आरक्षण पक्के होत नाही, तेवढीच रक्कम पुन्हा पाठवावी, आधीची आपोआप परत येईल. मी पुन्हा ३,६०० रुपये पाठवले. त्यानंतर परताव्यासाठी म्हणून त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकला की ७,२०० रुपये खात्यात येतील, असे सांगितले. तो फोनवर बोलत राहिला, मला विचार करायला वेळच मिळाला नाही, आणि मी पिन टाकला. बँकेच्या संदेशात ‘डेबिट’ हा शब्द वाचला तेव्हा हातपाय गार पडले. एकूण १४,४०० रुपये गेले होते आणि त्याचा फोन लागत नव्हता.

यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकायचा तो पैसे देताना, आणि क्यूआर कोड स्कॅन करायचा तोही पैसे देण्यासाठीच. हे मला माहीत होते. पण समोरचा माणूस सतत बोलत असताना आणि शेजारी मुले उद्याच्या होडीच्या गप्पा मारत असताना माहीत असलेली गोष्ट आठवली नाही.

त्याहून मोठी चूक मी रात्री केली. शरमेपोटी मी कोणालाच काही सांगितले नाही. निदान आरक्षण तरी खरे असेल, या आशेवर सकाळी साडेसातला सगळ्यांना घेऊन जेटीवर गेले. तिथे दोर आवरत असलेल्या एका वयस्क होडीवाल्याला फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी हात लुंगीला पुसून माझा फोन हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा करून नीट पाहिला आणि म्हणाले, “होडी माझीच आसा, पण ह्यो नंबर माझो नाय.” त्यांच्या होडीचा फोटो कोणीतरी उचलला होता. असाच एक गट आदल्या आठवड्यात त्यांच्याशी भांडून गेला होता, असे त्यांनी सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे दुःख पाहून मला माझ्या पैशांपेक्षाही त्या माणसांच्या नावाला लागलेल्या बट्ट्याचे अधिक वाटले.

आत्या एवढेच म्हणाली, “गो, माका कित्याक नाय इचारलंस?”

मग जेटीवरूनच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार क्रमांक घेतला आणि बँकेलाही कळवले. बँकेतल्या बाईंनी स्पष्ट सांगितले की पिन मी स्वतः टाकला असल्याने, कळवण्यापूर्वीचा तोटा रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमांनुसार माझ्यावरच येत होता. पैसे रातोरात पुढच्या खात्यांत गेले होते. त्यांपैकी एका खात्यात अडकलेले २,१०० रुपये तेवढे गोठवता आले, ते अजून माझ्या हाती आलेले नाहीत. दुपारीच फोन केला असता तर कदाचित अधिक रक्कम थांबली असती. अशा प्रसंगी पहिला तास फार मोलाचा असतो आणि मी तब्बल सोळा तास घालवले.

किल्ल्याचे तिकीट आम्ही जेटीवरच काढले आणि त्याच काकांच्या होडीतून गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. चारी बाजूंनी खारे पाणी असताना आतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे, हे मुलांनी वाकून वाकून पाहिले. मला मात्र त्या दिवशी तिथे मन लावून फिरता आले नाही.

नकाशावरचा तो नंबर खोटा असल्याची तक्रार मी त्याच दिवशी केली होती. मागच्या आठवड्यात पाहिले तर तोच नंबर दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या होडीच्या फोटोसह देवबागजवळ दिसत होता. त्याचीही तक्रार केली आहे आणि तो फोटो ज्यांच्या होडीचा आहे त्यांना आत्यामार्फत निरोप पाठवला आहे.