बोक्याला काय घालावं: दाणे, पाऊच की घरची कोंबडी?

आमच्या खंडूला साडेचार वर्षं झाली. आधी घरचं शिजवलेलं, मग दाणे (मांजरांसाठीचं विकतचं कोरडं खाणं) आणि आता बहुतेक पाऊच (पाकिटातलं ओलं, रसदार खाणं), अशा क्रमाने तो जेवत आला. हा क्रम असाच का लागला ते सांगतो. मांजर नवीन असेल तर कदाचित उपयोगी पडेल. मांजर पक्कं मांसाहारी, कांदा-लसूण त्याला विष, कुत्र्याचं खाणं त्याला पुरत नाही, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

घरच्या जेवणाचा आग्रह आईचा. "अरे, आमच्याकडे मांजरं दूधभातावर वाढली. पिशव्या कोणी आणल्या होत्या?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं, अर्धं होतं. गावची मांजरं दूधभात खायची खरी, पण रात्रभर माळ्यावर नि गोठ्यात उंदीर मारायची. जेवण तिकडे व्हायचं, अंगणातला दूधभात म्हणजे वरची बडीशेप. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बोक्याला नुसत्या बडीशेपेवर कसं जगवणार? शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. खंडूला पचलं नाही, ते आम्हाला लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूत, दिसलंच.

मग मी कोंबडी उकडायला लागलो. मीठ नाही, हळद नाही. बोका खूश, मीही खूश. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सहज विचारलं, "कॅल्शियमचं काय करता?" नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. उंदीर हाडांसकट खाल्ला जातो म्हणून भटक्या मांजराचं भागतं. शिजवलेली हाडं द्यावीत तर ती टोकदार फुटतात. दुसरा प्रश्न टॉरिनचा. हे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. कमी पडलं की हृदयाचा स्नायू दुबळा होतो, दृष्टीही जाऊ शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी १९८७ मध्ये हा हृदयाशी असलेला संबंध दाखवला, तेव्हा बाजारातलं तयार खाणंसुद्धा त्यात तोकडं निघालं होतं. कंपन्यांनी प्रमाण वाढवलं ते त्यानंतर. उकडताना हे टॉरिन पाण्यात उतरतं, आणि पहिले दोन महिने मी ते पाणी बेसिनमध्ये ओतून देत होतो!

घरचं खाणं वाईट असं मी म्हणणार नाही. पशुआहार कळणाऱ्या डॉक्टरकडून पाककृती लिहून घेतली, त्यात सांगितलेल्या पुड्या न चुकता घातल्या, तर उत्तमच होईल. पण इकडून तिकडून उचललेल्या पाककृतीवर भिस्त ठेवू नका. त्याच डेव्हिसच्या मंडळींनी २०१९ मध्ये मांजरांसाठीच्या ११४ घरगुती पाककृती तपासल्या, त्यांतली एकही सगळ्या पोषणद्रव्यांत पुरी उतरली नाही. माशांचंही तसंच. कित्येक जातींच्या कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, म्हणून बांगडा द्यायचा तर शिजवून, काटे काढून आणि अधूनमधून. त्यात जून-जुलैत मासेमारी बंद, आणि श्रावणात आमच्या ओट्यावर कोंबडी चढत नाही. खंडू श्रावण पाळत नाही.

दाण्यांकडे वळलो तो पहिल्या श्रावणातच. दाण्यांची सोय मी नाकारणार नाही. सकाळी वाटी भरून कामावर जा, संध्याकाळी या, काही बिघडत नाही. शाकाहारी घरात तर हाच मार्ग, कोंबडीचा वास नाही की भांड्यांचा प्रश्न नाही. खर्चही तिन्हींत सर्वांत कमी. दाण्यांनी दात साफ राहतात म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. खंडू निम्मे दाणे अख्खेच गिळायचा. पावसाळ्यात दाणे सादळतात, म्हणून स्वस्त पडते म्हणून मोठी पिशवी आणू नका. मुंग्या लागतात, पण त्यावर आजीच्या फडताळाचा उपाय आहे: पाणी घातलेल्या ताटलीत वाटी ठेवायची. वाटी सतत भरलेली ठेवली तर नसबंदी झालेला बोका फुगतो, तेव्हा दाणे मोजूनच घाला.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. नळ मात्र चालवून घेता आला नाही.

दाणे सुरू झाल्यावर महिन्याभरात खंडू बाथरूमच्या बेसिनमध्ये जाऊन बसायला लागला. वाटीतलं पाणी त्याला नको, त्याला वाहतं हवं. रात्री दोनला, मग साडेतीनला, मग पाचला तो तिथे बसून नळाकडे बघत असा काही ओरडायचा की खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात थांबवून विचारलं, "बोका आजारी आहे का हो?" उठायचं, नळ बारीक सोडायचा, तो चार थेंब चाटणार, पंजा ओला करून निघून जाणार. आमच्या इमारतीत रात्री टाकी आटते. नळ फुसफुस करून थांबला की ओरडा दुप्पट. मी घरात पाच ठिकाणी पाण्याची भांडी ठेवली, मातीचं ठेवलं, काचेचं ठेवलं, शेवटी विजेवर चालणारं छोटं कारंजंही आणलं. कारंज्याला तो दोन दिवस घाबरला, तिसऱ्या दिवशी त्यात त्याने रबराचा उंदीर बुडवला.

वैतागून एकदा हिशेब मांडला. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. त्यांना तहान कमी लागते, कारण त्यांचं पाणी शिकारीतूनच येतं. उंदरात साधारण सत्तर टक्के पाणी, दाण्यांत दहा. खंडूचे रोजचे साठ ग्रॅम दाणे म्हणजे सहा ग्रॅम पाणी, चहाचा एक चमचा. पाऊचमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ऐंशी ग्रॅमचे तीन पाऊच खाल्ले की दोनशे मिलिलिटरच्या जवळपास पाणी जेवणातूनच पोटात. त्याच्या दिवसभराच्या गरजेचा मोठा वाटा तिथेच भागतो. दाण्यांवरची मांजरं वेगळं पाणी जास्त पितात, पण बहुधा भरपाई पुरी होत नाही. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर ती तातडीची वेळ असते, तासांचा प्रश्न. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण भीती तीच होती.

पाऊच सुरू केले आणि फरक मोजला तो लघवीने लिटरमध्ये वाळूचे गोळे होतात, त्यांवरून. याला शास्त्र म्हणता येणार नाही, पण रोज फावडी मारणाऱ्याला कळतं. दाण्यांच्या दिवसांत दिवसाला दोन गोळे यायचे, लिंबाएवढे. पाऊचवर तीन, आणि एखादा मोसंबीएवढा. बेसिन दहा-बारा दिवसांत सुटलं.

पाऊचचा त्रास नाही असं नाही. मी घेतो तो पन्नास रुपयांच्या आत मिळतो, पण दिवसाला तीन म्हटल्यावर महिन्याचा आकडा बायकोला सांगताना मी घसा खाकरतो. उघडलेला पाऊच मेच्या उकाड्यात तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. उरलेला फ्रिजमध्ये ठेवावा तर साहेबांना थंड चालत नाही, गरम पाण्यात वाटी धरून कोमट करावा लागतो. एक गोष्ट मात्र नीट बघा. पाकिटावर बारीक अक्षरांत 'कंप्लीट' लिहिलंय की 'कॉम्प्लिमेंटरी'. दुसरा प्रकार वरचा खाऊ, त्यावर मांजर जगवायचं नाही. नुसते माशाचे तुकडे आणि चाटायच्या ट्यूबा बऱ्याचदा त्यातल्याच निघतात. मीही एकदा डझनभर आणून फसलोय.

तेव्हा तुमचं मांजर वाटीतलं पाणी पोटभर पीत असेल, घरी दिवसभर कोणी नसेल, तर चांगले दाणे मोजून घाला, मी अडवणार नाही. मूत्रपिंडाचं किंवा मधुमेहाचं दुखणं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील ते. पण बोका असेल आणि खर्च झेपत असेल, तर मी निदान एक वेळ तरी पाऊच घालेन, वर दोन चमचे कोमट पाणी ओतून. बदल करताना आठ-दहा दिवस थोडं थोडं मिसळत जा. 'भूक लागली की खाईल' म्हणून उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस न जेवलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकतं.

आमच्याकडे सध्या सकाळ-संध्याकाळ पाऊच, रात्री मूठभर दाणे, आणि रविवारी आई उकडते त्या कोंबडीचे चार तुकडे पाण्यासकट. गणपतीत पाच दिवस गावी गेलो, तेव्हा शेजारच्या काकूंना पाऊच गरम करायला सांगायचा संकोच वाटला, म्हणून दाण्यांचा डबाच दिला. परत आलो, कुलूप काढलं, तर खंडू दाराशी आला नाही. बेसिनमध्ये बसला होता.