काळं मटण, भरीत, मिसळ आणि स्पेनच्या चार बाटल्या

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच देऊन टाकतो. काळ्या मसाल्याचं मटण असेल तर रिओहाची, म्हणजे स्पेनमधल्या त्या नावाच्या प्रांताची, क्रिआन्सा ही थोडी मुरवलेली रेड वाईन घ्या, बाटली उघडायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, आणि महागड्या, जास्त वर्षं मुरवलेल्या ग्रान रेसेर्वाच्या नादी लागू नका. बाकीच्यांनी निवांत वाचा.

झालं असं की दाजी मे महिन्यात बार्सिलोनाहून आले, ऑफिसच्या कामाला गेले होते, आणि येताना दोन बाटल्या घेऊन आले. दोनच, कारण कस्टमवाले दोन लिटरच्या वर सोडत नाहीत आणि साडेसातशेच्या तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर होतात, हे गणित ताईनं त्यांना फोनवर करून दिलं होतं. मग मला पण चेव आला, अजून दोन मी नाशिकात घेतल्या. नाशिकात राहून स्पेनची वाईन विकत घेणं म्हणजे नागपुरात राहून बाहेरून संत्री मागवणं, असं नाना म्हणाले. नाना म्हणजे आमचे वडील, दिंडोरीकडं बाग आहे, खायच्या द्राक्षाची, आयुष्यात वाईनचा थेंब घेतलेला नाही पण द्राक्षावर बोलायला लागले की थांबत नाहीत.

पहिली बाटली रिओहाची क्रिआन्सा, दाजींनी आणलेली. (दुकानात रिओजा म्हणालात तरी मिळते, काही बिघडत नाही.) तेम्प्रानियो नावाचं द्राक्ष असतं त्यात मुख्य, तेम्प्रानो म्हणजे लवकर, इतर जातींच्या आधी पिकतं म्हणून ते नाव. आपल्या दिंडोरीच्या चारोसा वायनरीनं पण तेम्प्रानियोची रिझर्व्ह काढली होती, ती ज्यांनी घेतली असेल त्यांना अंदाज येईल. आता गंमत अशी की रिओहावाले पूर्वीपासून अमेरिकन ओकच्या बॅरलमध्ये वाईन ठेवतात, आणि त्या लाकडातून वाईनला व्हॅनिलाचा आणि चक्क खोबऱ्याचा वास येतो. मी ग्लास नाकाशी नेला आणि आत आईनं खोबरं भाजायला घेतलं होतं काळ्या मसाल्यासाठी, मला एक मिनिट कळेना वास कुठून येतोय. तेव्हाच वाटलं हे जमणार. आणि जमलंच. मटणाच्या तर्रीतलं तेल आणि चरबी वाईनचा तुरटपणा खाऊन टाकते, तुरटपणा गेला की मागं राहतं ते चेरीसारखं आंबटगोड फळ आणि ते भाजकं खोबरं, जे ताटात पण आहे. फक्त आईला तिखट थोडं हात राखून घालायला सांगितलं होतं, कारण अल्कोहोलनं मिरचीची आग अजून भडकते, हे बिअर सोडून काहीही पिणाऱ्या माणसाला एकदा तरी कळलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्या बाटलीबरोबर आम्ही रिओहातलाच प्रकार करून बघितला. तिकडं कोकराच्या छोट्या चॉप्स द्राक्षवेलीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, मीठ सोडून फारसं काही लावत नाहीत. आता काड्यांची आपल्याकडं काय कमी, एप्रिलची खरड छाटणी झाली की बांधावर ढीग पडलेले असतात. पण नाना म्हणाले बागेतल्या काड्या अजिबात घ्यायच्या नाहीत, त्यावर वर्षभर औषधं मारलेली असतात, विहिरीजवळ जो जुना वेल आहे ज्याच्याकडं कुणी बघत नाही त्याच्या घ्या. घेतल्या. बोकडाच्या चॉप्स, जाडं मीठ, निखारे, बस. हे काळ्या मटणापेक्षा भारी लागलं असं लिहिलं तर आईला कुणीतरी दाखवेल, त्यामुळं बरोबरीचं लागलं असं धरा.

बाटली घेताना मागचा छोटा शिक्का बघायचा, रिओहाच्या प्रत्येक बाटलीवर असतो. हिरवा म्हणजे तरुण वाईन. लाल म्हणजे क्रिआन्सा, किमान दोन वर्षांची आणि त्यातलं एक वर्ष बॅरलमध्ये. गडद मरून म्हणजे रेसेर्वा, तीन वर्षं. निळा म्हणजे ग्रान रेसेर्वा, पाच वर्षं, त्यातली दोन बॅरलमध्ये आणि दोन बाटलीत. माझं म्हणणं एवढंच की शिक्का जेवढा वरचा तेवढी वाईन नाजूक होत जाते, सुकं अंजीर, चामडं, तंबाखू असले हळू वास येतात, ते आपल्या लवंग-दगडफुलापुढं टिकत नाहीत. पैसे तुमचे आहेत, पण निळ्या शिक्क्याची वाईन आणि मिसळ एका टेबलावर ठेवू नका.

हे मी ज्ञान पाजळत नाहीये, पैसे घालवून शिकलोय. दुसरी बाटली रेसेर्वा होती, इथंच शहरातल्या एका दुकानातून घेतली, नाव लिहीत नाही. बऱ्यापैकी महाग, कारण बाहेरच्या वाईनवर इतकी वर्षं कस्टम ड्यूटीच दीडशे टक्के, वर राज्याचं वेगळं. बाटली काचेच्या शोकेसमध्ये उभी होती, दुपारचं ऊन थेट तिच्यावर. माझं लक्ष होतं पण मोह आवरला नाही. घरी फॉइल काढलं तर बूच दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं आणि कडेनं चिकट ओघळ. मे महिन्याच्या उकाड्यात वाईन फुगते आणि बुचाला वर ढकलते, मग हवा आत जाते. चव कशी, तर शिजवलेल्या मनुक्यांचं पाणी. दुकानदाराला फोन केला तर म्हणे जुनी वाईन अशीच लागते. दादा, जुनी आणि उकडलेली यात फरक आहे. तर बाटली घेताना बूच चाचपून बघा, वर आलेलं असेल तर फुकट दिली तरी नको. आणि शोकेसमधली नकोच, आतून आडवी ठेवलेली मागा.

तिसरी बाटली गार्नाचा नावाच्या द्राक्षाची. हिचा किस्सा आधी. तोर्रेस कंपनीची सांग्रे दे तोरो, गार्नाचा आणि कारिन्येना ही दोन द्राक्षं मिसळून केलेली, गळ्यात एक छोटा काळा प्लॅस्टिकचा बैल बांधलेला असतो. नानांनी विचारलं नावाचा अर्थ काय, आणि मी मूर्खासारखं खरं सांगितलं, बैलाचं रक्त. शेतकऱ्याच्या घरात! आईनं बाटली स्वयंपाकघरातून थेट गच्चीवर हलवली. पोरीनं मात्र बैल काढून घेतला आणि पोळ्याला मातीच्या बैलांशेजारी मांडून त्याला पण पुरणपोळी दाखवली, त्यामुळं मिटलं.

वाईन म्हणून सांगायचं तर रोजच्या नाशिकच्या खाण्याला सगळ्यात सोयीची हीच. गार्नाचाची साल पातळ, तुरटपणा कमी, फळ भरपूर, पिकलेल्या करवंदासारखं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा बाजूला सरकवून ठेवलेला, याच्याबरोबर मस्त गेली, कारण भरताला जो धुराचा वास असतो त्याची आणि या वाईनची दोस्ती आहे, स्पेनमध्ये पण धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड घातलेलं चोरिथो नावाचं सॉसेज रेड वाईनबरोबर खातातच की. शेवभाजीबरोबर ठीक. मिसळीबरोबर नाही जमली, उगाच कौतुक करणार नाही, मिसळीबरोबर ताकच प्या. एक लक्षात ठेवा, सगळ्या गार्नाचा अशा हलक्या नसतात, काही साडेचौदा-पंधरा टक्क्यांच्या असतात आणि त्या तिखटाबरोबर पेटतात, लेबलवरचा आकडा वाचा, साडेतेराच्या आसपासची घ्या.

चिवड्याबरोबर मित्रांनी ट्राय केली, चखणा म्हणून. नको. चिवड्यात साखर असते आणि गोडापुढं कुठलीही रेड एकदम आंबट आणि कडू लागते. खारे शेंगदाणे चालतात, मिठानं तुरटपणा दबतो. तिकडं मान्चेगो नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज खातात, ते मिळालं तर उत्तम, नाहीतर शेंगदाण्यांना तोड नाही.

चौथी हुमिया भागातली, मोनास्त्रेल नावाच्या द्राक्षाची. काळीकुट्ट, जाड, दात जांभळे करणारी, जांभळं खाल्ल्यासारखीच. खिम्याबरोबर चांगली, एरवी मला जड गेली, एका ग्लासात पोट भरलं. पण या बाटलीमुळं नाना दोन तास बसले. हुमिया स्पेनच्या आग्नेयेला, पाऊस जेमतेम, आणि मी त्यांना बागेचे फोटो दाखवले. ना मांडव, ना तारा, ना वाय आकाराचे आधार. गुडघ्याएवढी सुटी झुडपं, मध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर. नाना म्हणाले, ही काय द्राक्षबाग, ही तर तुरी लावल्यात. मग मी सांगितलं की तिथं 1996 पर्यंत वाईनच्या बागेला पाणी द्यायलाच कायद्यानं बंदी होती. ड्रिपवर आयुष्य काढलेला माणूस, चष्मा काढून माझ्याकडं बघायला लागला. आणि रेताड जमिनीतल्या काही बागा अजून बिनकलमाच्या आहेत म्हटल्यावर तर विषयच संपला, कारण आपल्याकडं डॉगरिजचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम करतात तो वेल, नाही तर बाग नाही. युरोपात फिलॉक्सेरा किडीनं मुळं खाल्ली म्हणून अमेरिकन खुंट आला, रेतीत ती किड नीट पसरत नाही म्हणून हे वेल वाचले.

आता फ्रीजचं. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची हे ज्यांनी लिहिलं त्यांची रूम युरोपातल्या दगडी घरातली, सोळा-अठरा डिग्रीची. आपली रूम मे महिन्यात चौतीस. तेवढ्यात नुसतं स्पिरिट नाकात जातं. अर्धा तास फ्रीज, गार्नाचा असेल तर पाऊण तास. हॉटेलात वेटर तोंड वाकडं करेल, करू दे, बर्फाची बादली मागा.

मोनास्त्रेलचा तळाशी राहिलेला घोट नानांपुढं धरला, नुसता वास घ्या म्हटलं. घेतला. बराच वेळ घेतला. मग विचारलं, शुगर किती येऊ देतात रे काढणीला? मी म्हटलं चोवीस ब्रिक्सच्या आसपास (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप). नाना म्हणाले, एवढी गोड होईपर्यंत आपल्याकडं व्यापारी थांबला असता तर.