वहीवाले पत्रेवाले : दोन पावसाळे काढून मग लिहितेय

हर्णै, आंजर्ले, मुरुड या पट्ट्यात छपराची कामं करणारे पुष्कळ आहेत, आणि एप्रिलमध्ये बघाल तर सगळ्यांचंच काम झकास दिसतं. खरं काय ते आर्द्रा लागल्यावर कळतं. काम संपलं त्या दिवशीच आमचं छप्पर करणाऱ्या वहीवाल्यांचा पुतण्या मला म्हणाला होता, "काकू, मोबाईलवर तेवढे पाच स्टार टाका ना." त्याला म्हटलं, बाबा रे, आधी पाऊस तर पडू दे. तो पडला, त्याच्या पुढच्या वर्षीचाही पडला, म्हणून आता लिहायला बसले.

नाव-नंबर इथे टाकत नाही. मे महिन्यात अनोळखी फोनांनी जीव नकोसा होतो, तेव्हा टाकू नका, असं त्यांनीच सांगितलंय. दापोलीत पत्र्यांच्या दुकानात "वहीवाले" म्हणून विचारा, कोणीही सांगेल.

आमचं घर समुद्राच्या अगदी जवळ, मध्ये फक्त नारळाची बाग. आधी मंगलोरी कौलं होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि पश्चिमेचं सगळं पाखं उघडं पडलं. तेव्हा अख्ख्या तालुक्याला एकदमच पत्रे हवे होते. जो हाताला लागला त्याच्याकडून आम्ही काम करून घेतलं. त्या माणसाने स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे सोडून खाचेत मारले, म्हणजे पाणी जिथून वाहतं नेमकं तिथेच. दुसऱ्या पावसाळ्यात माजघरात टोपं मांडायची वेळ आली. त्याला फोन केला तर आधी "उद्या येतो", मग "चिपळूणला आहे", मग नुसतीच रिंग. असा माणूस प्रत्येक वाडीने पाहिलेला आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

वहीवाल्यांनी २०२३ च्या एप्रिलमध्ये ते सगळं उतरवून नवीन केलं. साधारण नऊशे चौरस फूट, अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा, खाली पाईपचा सांगाडा. कामाबद्दल दोनच गोष्टी सांगते. एक, पत्र्यावर पत्रा चढवताना जोडाचं तोंड नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे येऊ दिलं नाही. दोन, रोज संध्याकाळी उतरण्याआधी एक पोरगा मऊ झाडू घेऊन वर फिरायचा. ड्रिलचा लोखंडी चुरा पत्र्यावर राहिला तर एका रात्रीच्या दवाने गंजतो आणि रंगावर तांबडे डाग पाडतो, म्हणून. आधीच्या कामावर असले डाग जागोजाग होते आणि मी ते पत्र्याचाच दोष समजत होते.

हिशेबाच्या वेळी ते स्वतःहून म्हणाले, "दहा टक्के राहू देत. पाऊस बघा, मग द्या." पैसे मागे ठेवा म्हणणारा कंत्राटदार मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

आता वहीची गोष्ट. जाड पुठ्ठ्याची वही आहे, दुकानदाराची उधारीची असते तशी. प्रत्येक घराला एक पान. पानावर छपराचा हाताने काढलेला नकाशा, समुद्र कुठल्या बाजूला, कुठली नारळी छपरावर झुकलेली, पत्रा कुठल्या कंपनीचा, स्क्रू कसले. पहिला मोठा पाऊस झाला की पान उघडून त्यांची बायको फोन करते. "सगळं ठीक ना?" असं ती विचारत नाही. त्याला आपण सगळे सवयीने "हो हो" म्हणून मोकळे होतो. तिने मला विचारलं, "काकू, पडवीचा पत्रा जिथे भिंतीला लागतो तिथे आतून हात लावून बघा. गार लागतंय की ओलं?" मी फोन धरूनच उठले. ओलं होतं. भिंतीवर अजून काही दिसत नव्हतं, पण बोटाला पाणी लागलं.

झड थोडी थांबल्यावर ते आले. एक पोरगा शिडी लावायला लागला, त्याला त्यांनी तिथेच ओरडून थांबवलं. ओल्या पत्र्यावर कोणी चढायचं नाही. आधी आतून माळ्यावर बॅटरी घेऊन बसले आणि सांगाड्यावरून पाणी कुठून सरकत येतंय ते खडूने खुणा करत मागे मागे गेले. पाणी टपकतं त्याच्या वरच भोक असेल असं नाही, ते पाईपवरून लांबून चालत येतं. दुपारी छप्पर सुकल्यावर बागेची नळी वर नेली आणि खालच्या कडेपासून पाणी मारायला सुरुवात केली, मग एकेक हात वर. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. शेवटी सापडला तो एक स्क्रू. तिरका बसला होता, त्यामुळे खालचं काळं रबर एका बाजूला चेपून बाहेर आलेलं आणि दुसरी बाजू उघडी. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. रबर टोपीच्या कडेपर्यंत जेमतेम फुगलेलं दिसलं पाहिजे, त्याच्यापुढे आवळलं की मेलं, असं त्यांचं म्हणणं. त्याच भोकात जाड स्क्रू बसवला, आजूबाजूचे सगळे बोटाने चाचपले, आणि ज्या पोराने तो मारला होता त्याला वर बोलावून दाखवला. मोठ्याने काही बोलले नाहीत, पण पोराचे कान लाल झालेले मला खालून दिसले.

राहिलेले अठरा हजार मी गणपतीच्या आधी दिले.

इथपर्यंत ठीक आहे, त्यांचे पैसे अडकलेले होते, येणारच, असं आमचे हे म्हणाले. बरोबर आहे. म्हणून मला खरं महत्त्व वाटतं ते त्यानंतरच्या येण्याचं. देणं-घेणं संपलं, आणि तरी दसऱ्यानंतर फोन आला : "पाऊस गेलाय, एकदा बघून जातो." आले ते थेट वळचणीखाली. मला वाटायचं गंज वरून सुरू होतो. तसं नाही. वरचा पत्रा पावसाने धुतला जातो. वळचणीखाली पाऊस पोचत नाही, तिथे खारा वारा बसतो तो बसतोच. समुद्राकडच्या कडेला काही स्क्रूंची डोकी तांबूस झाली होती, ती बदलली. पैसे घेतले नाहीत. पावसाळा सोडून अधूनमधून तिथे गोड्या पाण्याची नळी मारत जा म्हणाले. आणि पत्र्याच्या कंपनीचा हमीचा कागद मला बसून वाचायला लावला. समुद्राजवळच्या घरांना बऱ्याच कंपन्यांची हमी लागूच होत नाही, किंवा कमी वर्षांची होते. हे विकताना दुकानात कोणी सांगत नाही.

२०२४ च्या पावसात पुन्हा फोन, पुन्हा भिंतीला हात. या वेळी ओटीवर थेंब होता. आले, बघितलं आणि म्हणाले, "हे माझं नाही." इंटरनेटवाल्याने वायर नेण्यासाठी पत्र्याला भोक पाडून त्यावर सिमेंट थापलं होतं. ओलं सिमेंट असल्या पत्र्याचा मुलामा खातं, हेही मला तेव्हाच समजलं. त्यांनी ते खरवडून काढलं, वायरीभोवती घट्ट बसणारं रबरी टोपण, ज्याला ते बूट म्हणतात, ते बसवलं आणि दोनशे रुपये घेतले. मला हे फार आवडलं. स्वतःची चूक फुकट आणि दुसऱ्याची रोकड्याने, असाच हिशेब हवा. सगळंच फुकट करणारा माणूस तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाही.

तक्रारीही आहेत. पन्हळीचं काम ते स्वतः करत नाहीत, दुसऱ्याला देतात, आणि त्या दुसऱ्याची कसली वही नाही. त्याने उताराचा अंदाज चुकवला, पहिल्या पावसात सगळं पाणी कोपऱ्यातून उसळून थेट तुळशीवर. सांगून सांगून दिवाळी आली तेव्हा नीट झालं. "तो माझा माणूस नाही" हे उत्तर मला पटलेलं नाही. काम तुमच्या हातून गेलं, पैसे तुमच्या हातात दिले, मग तुमचाच तो. बिल विचारलं तर कच्च्या कागदावर लिहून दिलं, पक्कं हवं असेल तर आधीच बोलून घ्या. आणि पुतण्या प्रत्येक सणाला पत्र्याच्या फोटोवर शुभेच्छा लिहून पाठवतो, संकष्टीलासुद्धा. ते बंद केलं तर बरं.

पत्र्यावर पावसाचा आवाज होतो, मे महिन्यात खालची खोली तापते, हे खरं आहे. पण त्याचा दोष त्यांना देऊ नका. कौलांचा गारवा पत्र्याला नाही, ते त्यांनी काम घेण्याआधीच बजावलं होतं. टीव्हीचा आवाज वाढवायचा, दुसरं काय.

पाचपैकी चार देते. कापलेला एक पन्हळीचा. पन्हळीवाल्याचं पान वहीत चढलं की तोही देईन.

काम करून घ्यायचं असेल तर एप्रिलची वाट बघू नका. मेच्या मध्यानंतर ते नवीन छप्पर हातात घेत नाहीत, फक्त जुन्यांची दुरुस्ती करतात, मग कोणी कितीही ओळखीचा निघो. आमच्या वाडीतल्या दोघांनी गणपतीतच सांगून ठेवलंय. शिमग्याच्या आत नंबर लागला तर लागला.