पद्मिनीची वायरिंग आणि माझे 22,100 रुपये

टोइंगचे 1,200 सोडा, ते द्यावेच लागले असते. उरलेले 20,900 रुपये मात्र हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून लुबाडले. कॉइल 1,450, पॉइंट-कंडेन्सर 650, डिस्ट्रिब्युटर 4,800, 'पूर्ण वायरिंग' 9,500, मजुरी 4,500. (कॉइल, पॉइंट, डिस्ट्रिब्युटर हे सगळे इंजिनातल्या प्लगला ठिणगी देणारे भाग.) गाडीचा खरा आजार होता 150 रुपयांचा.

गाडी वडिलांची, 1989 ची प्रीमियर पद्मिनी. खंबाटकी घाट उतरल्यावर एका खड्ड्यात आदळली आणि बंद पडली. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. मी अडाणी नाही. पॉइंट घासणं, गॅप लावणं ही कामं वर्षानुवर्षं घरी करतोय. पण सोबत 78 वर्षांची आई, दुपारचं ऊन, आणि गॅरेजवाला म्हणतोय, "काका, करंटच येत नाही, आतून सगळी जळालीय." अशा वेळी माणूस हो म्हणतो.

तरीही एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. गाडी बंद पडली तेव्हा डॅशबोर्डवरचे चार्जिंगचे आणि ऑइलचे लाल दिवेसुद्धा विझले होते. कॉइल किंवा पॉइंट गेले असते तर इंजिन बंद पडून चावी चालूच राहते, दिवे लागले पाहिजेत. दिवेही गेले म्हणजे बिघाड कॉइलच्या अलीकडे, चावीच्या स्विचमध्ये नाहीतर त्याच्या वायरीत. हे मला माहीत होतं! त्याने चावी जरा दाबून वाकडी केली, तेव्हा ते दिवे एकदा लुकलुकले. त्यानेही पाहिलं, मीही पाहिलं. मी गप्प बसलो.

दुसरी खूण त्याहून ढळढळीत. 'नव्या' कॉइलला हात लावला तर अंगठ्याला काळा रंग लागला, ओला. "कंपनीचं ऑइल असतं काका." घरी येऊन रंग खरवडला, तर खाली क्लॅम्पचा जुना ओरखडा. माझीच कॉइल मला विकली. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, पोरगा घेऊन गेला. जुना पार्ट हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

अकराव्या दिवशी गाडी पुन्हा तशीच बंद. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने बॅटरीच्या प्लसवरून कॉइलच्या प्लसला डायरेक्ट वायर मारली, स्टार्टर दिला, पहिल्या फेरीत गाडी चालू. म्हणजे कॉइल, पॉइंट, डिस्ट्रिब्युटर सगळं ठीक. स्विचमागचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, सैल होऊन काळं पडलेलं. साफ केलं, नवीन थिंबल दाबलं, 150 रुपये. ही वायर आणि 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प (करंट येतोय का ते दाखवणारा छोटा दिवा) गाडीत ठेवाच. फक्त अशी वायर जोडली की चावीने इंजिन बंद होत नाही, वायरच काढावी लागते.

चौकीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, "हा सिव्हिल मॅटर आहे." तिसऱ्या दिवशी, "बिल कुठंय?" बिल त्याने दिलंच नव्हतं, मोबाइलवरून पैसे गेल्याची नोंद दाखवली तर म्हणे त्यावर कॉइल लिहिलेलं नाही. आरटीओत गेलो, तिथे गॅरेजशी आमचा संबंध नाही. एकाही माणसाने साधा अर्ज घेऊन शिक्का मारायची तसदी घेतली नाही. पेट्रोलचे आणि दोन बुडालेल्या रजांचे पैसे मी वर धरलेलेच नाहीत. छापील बिल आधी मागा, कामानंतर कोणी देत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत 2 वर्षांची आहे. मी तिथे तक्रार टाकतोय. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर लिहून ठेवा.

पैशांपेक्षा जास्त जळतं ते डिस्ट्रिब्युटरचं. त्याने बसवलेला सेकंडहँड आहे, शाफ्ट हलतो. माझा मूळ डिस्ट्रिब्युटर गाडीबरोबरच आलेला होता, वडील दर दिवाळीला त्याची कॅप स्वतः पुसायचे. तो तरी परत दे म्हणून काल पुन्हा गेलो. वर न बघता म्हणाला, "भंगारात गेला काका, मागच्याच आठवड्यात."