महामारीचा अजेंडा आलाय: सुरक्षा परिषद घ्याल की जागतिक आरोग्य सभा?

एमयूएन म्हणजे विद्यार्थ्यांनी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवलेलं नकली संयुक्त राष्ट्र. त्याचा फॉर्म भरताना कमिटीची पसंती विचारली की निम्मी मुलं विचार न करता सुरक्षा परिषद लिहून मोकळी होतात. पंधराच देश, बोलायची संधी भरपूर, वर क्रायसिसची, म्हणजे मध्येच अचानक टाकलेल्या संकटाची मजा. पण अजेंडा महामारीचा असेल तर घाई नको. तोच विषय डब्ल्यूएचओच्या जागतिक आरोग्य सभेतही येतो आणि तिथला डाव साफ वेगळा असतो.

सुरक्षा परिषदेत पहिलं भांडण रोगावर नसतंच, हा रोग इथे कशाला आणला यावर असतं. एड्सवर २००० साली ठराव १३०८ झाला. २०१४ मध्ये ठराव २१७७ ने तर आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीला थेट आंतरराष्ट्रीय शांततेला धोका म्हटलं आणि त्याला सुमारे १३० देश सहप्रस्तावक होते. कोरोनाच्या वेळी मात्र गाडी अडली. डब्ल्यूएचओने ११ मार्च २०२० ला महामारी म्हटलं आणि परिषदेचा ठराव २५३२ आला १ जुलैला. ठरावात डब्ल्यूएचओचा उल्लेख असावा की नसावा, यावर अमेरिका आणि चीन अडून बसले होते. नकाराधिकाराची, म्हणजे एका बड्या देशाने ठराव पाडण्याची धमकी म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं कुठे शिकायला मिळणार? आणि ट्युनिशिया वाट्याला आला म्हणून नाक मुरडू नका. तो ठराव फ्रान्सच्या जोडीने ट्युनिशियानेच रेटला होता.

आरोग्य सभेत १९४ देश, प्रत्येकाला एक मत, नकाराधिकार कुणालाच नाही. एमयूएनमध्ये सगळे देश भरत नाहीत, तरी गर्दी असतेच, त्यामुळे भाषणाचा नंबर क्वचित लागतो. कंटाळवाणं वाटतं ना? पण खरं राजकारण इथेच आहे, कारण इथे देवाणघेवाण चालते. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने द्यायचं थांबवलं. नमुने आमचे, लस श्रीमंतांची, असा त्यांचा सवाल होता. त्यातून २०११ ची इन्फ्लुएंझाच्या नमुन्यांची आणि लाभाच्या वाटपाची चौकट उभी राहिली. मे २०२५ च्या महामारी करारातही तोच मुद्दा आहे: त्यातल्या नमुने-वाटपाच्या व्यवस्थेत सामील झालेल्या उत्पादकांनी महामारीत लसी-औषधांच्या उत्पादनातला २० टक्के वाटा डब्ल्यूएचओला उपलब्ध करून द्यायचा, त्यातला किमान निम्मा मोफत. आरोग्य सभेच्या समितीत करारावर १२४ मतं बाजूने पडली, विरोधात शून्य, तटस्थ ११. नमुन्यांच्या वाटपाचे तपशील ठरवणारं परिशिष्ट मात्र पुढे ढकललं गेलं. तुमच्या ठरावाला रान मोकळं आहे ते इथेच.

भारत मिळाला तर अभ्यास दुप्पट. आपण नमुने देणारेही आणि पुण्यात लस बनवणारेही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपण निर्यात रोखली, हे समोरचा डेलिगेट हमखास काढणार. उत्तर तयार ठेवा.

एक चूक दरवर्षी होते. आरोग्य सभेच्या ठरावात मुलं सर्रास ‘लसींचे पेटंट रद्द करावेत’ असं लिहितात. पेटंटची सवलत मागायला भारत आणि दक्षिण आफ्रिका ऑक्टोबर २०२० मध्ये गेले ते जागतिक व्यापार संघटनेत. जाणता चेअर (कमिटीचा अध्यक्ष) ते कलम तिथल्या तिथे उडवतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने आरोग्य सभा घ्यावी. लाजऱ्यांनीही. तिथे अनमॉडरेटेड कॉकसमध्ये, म्हणजे जागेवरून उठून केलेल्या मोकळ्या वाटाघाटीत, ठरावाच्या मसुद्याचा कागद हातात धरणाऱ्याला किंमत असते, आवाजाला कमी. हजरजबाबी असाल, नकाराधिकार असलेल्या पाच बड्यांपैकी एखादा देश मिळायची शक्यता असेल, तर खुशाल परिषदेत जा. मुंबईकरांसाठी भाषणाची एक तयार सुरुवातही आहे: १८९७ ची व्हेनिसची आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद मुंबईतल्या प्लेगच्या धास्तीनेच भरली होती.

फॉर्म पाठवण्याआधी आयोजकांना फ्रीझ डेट विचारून घ्या, म्हणजे ज्या तारखेनंतरच्या घटना घडल्याच नाहीत असं धरायचं ती तारीख. २०२० ची असेल तर करार अजून जन्मलाच नाही. आजची असेल तर अमेरिकेने बाहेर पडण्याचा निर्णय घेतल्यावर आरोग्य सभेत तिची पाटी ठेवायची की नाही, यावरच पहिला पॉइंट ऑफ ऑर्डर (नियमाचा आक्षेप) येईल.