हँडहेल्ड एक्सआरएफ: तांब्याचे रंग ओळखायला कितपत कामाचं?

मी कागदाच्या संवर्धनाचं काम करते. हाताने रंगवलेले जुने नकाशे, वनस्पतींची चित्रं, हस्तलिखितं माझ्याकडे येतात आणि त्यातला हिरवा रंग हा माझ्या कायमच्या काळजीचा विषय. एका नकाशासंग्रहासाठी हँडहेल्ड एक्सआरएफ यंत्र, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातात धरायचं यंत्र, भाड्याने घेतलं होतं, त्याबद्दल लिहिते आहे. यंत्र मला मनापासून आवडलं. पण तांब्याच्या हिरव्या रंगांपैकी समोरचा मॅलाकाइट की जंगाल, हे ठरवायचं असेल तर त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

यंत्र दिसायला ड्रिल मशीनसारखं. रंगावर क्ष-किरण सोडतं आणि रंगातली मूलद्रव्यं उलट जे किरण सोडतात त्यांची ऊर्जा मोजतं. आलेखावर तांब्याची मोठी रेषा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला उठते, धाकटी ८.९० ला. कुठेही खरवडायचं नाही, कण काढायचा नाही, मिनिटभरात काम होतं. अडचण अशी की निळा अझुराइट आणि हिरवा मॅलाकाइट ही दोन्ही तांब्याची कार्बोनेटं आणि जंगाल म्हणजे तांब्याचं ॲसिटेट. त्यांच्यातला सगळा फरक कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनमध्ये आणि नेमकी हीच मूलद्रव्यं या यंत्राला दिसत नाहीत. ॲटाकामाइट या तांब्याच्या आणखी एका हिरव्यात क्लोरीन असतो, तो तरी पकडता येईल असं वाटतं. पण यंत्रात क्ष-किरण सोडणारी ट्यूब ऱ्होडियमची असेल तर तिच्या स्वतःच्या रेषा क्लोरीनच्या रेषेला अगदी खेटून येतात. मग शेवटी सूक्ष्मदर्शक आणि रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून संयुग ओळखायची पद्धत) लागतातच. रामनचा लेसरही अगदी कमी ताकदीवर ठेवायचा, कारण तापला की तांब्याचा रंग काळा पडतो.

भाड्याचे पैसे खरे वसूल झाले ते आर्सेनिकपाशी. शेलेचा हिरवा १७७५ चा आणि एमराल्ड ग्रीनचं उत्पादन १८१४ पासूनचं. दोन्हींत तांब्यासोबत आर्सेनिक असतं. त्याहून जुन्या छापील नकाशावर असा हिरवा सापडला तर रंगकाम नंतर कुणीतरी केलंय हे उघड होतं. त्याहून महत्त्वाचं, हातमोजे घालायचे आणि भुकटी उडू द्यायची नाही, हे आधीच कळतं. इथे मात्र डोळे उघडे ठेवून आलेख वाचावा लागतो. आर्सेनिकची मोठी रेषा १०.५४ ला आणि शिशाची १०.५५ ला. हिरव्यात शिशाचा पांढरा मिसळलेला असेल तर दोन्ही एकच दिसतात. म्हणून ११.७३ ची आर्सेनिकची धाकटी रेषा शोधायची आणि शिशाची १२.६१ ची रेषा शेजारी पाहायची. आणि तांबं अधिक आर्सेनिक म्हणजे एमराल्ड ग्रीनच, असंही नाही. अझुराइटमध्ये हरताळ, म्हणजे आर्सेनिकचा पिवळा रंग, मिसळून केलेला हिरवाही हेच दाखवतो. भिंगाखाली मात्र निळे आणि पिवळे कण वेगवेगळे दिसतात.

कागद या किरणांना जवळजवळ अडवतच नाही. मागच्या बाजूचा रंग, खालचं पान, टेबलाचा पत्रा, सगळं एकाच आलेखात येतं. काही यंत्रांच्या स्वतःच्या भागांतूनही तांब्याची बारीक रेषा येते. म्हणून आधी त्याच पानाच्या कोऱ्या जागेचं वाचन घ्यायचं, मग रंगाचं. पान हातात धरून वाचन कधीच घ्यायचं नाही, किरण आरपार जातात.

एका नकाशाच्या सीमेवरची हिरवी पट्टी मागून पूर्ण तपकिरी झाली होती आणि पट्टीच्या कडेने कागदाला बारीक चीर गेली होती. पट्टीवर तांबं भरपूर, आर्सेनिक नाही. लगतच्या तपकिरी वलयात, जिथे वरून रंगाचा मागमूस नव्हता तिथेही, तांब्याची छोटी पण स्पष्ट रेषा होती. कोऱ्या कोपऱ्यात ती नव्हती. सुटे तांब्याचे आयन कागदाच्या तंतूंचं ऑक्सिडीकरण भराभर घडवून आणतात आणि ते रंगाबाहेर सरकले होते, हे समोर दिसत होतं. अशा पानाला पाण्यात घालणं म्हणजे हे आयन साऱ्या पानभर पसरवणं. गव्हाच्या खळीतही पाणीच असतं. म्हणून पातळ जपानी टिश्यूवर आधीच क्लुसेल जी (इथेनॉलमध्ये विरघळणारा सेल्युलोजचा डिंक) चढवून वाळवलं आणि इथेनॉलने जेमतेम ओलं करून मागून चिकटवलं. त्याआधी कडेच्या ठिपक्याएवढ्या जागेवर इथेनॉल लावून पाहिलं, कारण तांब्याचा हिरवा राळेत मिसळलेला असेल तर अल्कोहोलमध्ये सुटू शकतो. पट्टी जागची हलली नाही.

तक्रार यंत्राबद्दल नाही, सेवेबद्दल आहे. भाड्याने देणाऱ्यांचा माणूस ते मिश्रधातूच्या मोडवर लावून गेला. त्या मोडमध्ये पडद्यावर तांब्याची टक्केवारी येते आणि ती अगदी नेमकी वाटते. पण ते गणित जाड, एकसारख्या धातूसाठी बसवलेलं असतं. कागदावरच्या केसाएवढ्या थराला ते लागू नाही. त्यांच्या अहवालात हीच टक्केवारी तक्त्यात घालून आली आणि आलेख एकही नव्हता. मी मूळ फायली मागून घेतल्या, तेव्हा कुठे कामाला सुरुवात करता आली. असे आकडे वाचून एखादा संग्राहक चित्राची किंमत ठरवेल, याचा मला खरंच राग येतो.

घ्यायचं असेल तर भाड्यानेच घ्या. सोबत स्टँड मागा, कारण दीड-दोन किलोचं यंत्र नाजूक पानावर हाताने स्थिर धरता येत नाही. ८ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटरचा झोत मिळतो का ते विचारा, नाहीतर बारीक रंगरेषा आणि शेजारचा कागद एकत्र मोजले जातात. आणि प्रत्येक वाचनाची मूळ स्पेक्ट्रम फाइल देणार असल्याचं ठरवताना लेखी घ्या.