मोफत वकिलाच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्या मावसबहिणीला पोटगीचा अर्ज करायचा होता. पदरात लहान मूल, राहायला माहेरी, पगार जेमतेम. वकिलाची फी झेपणार नाही म्हणून तिने मोबाईलवर ‘मोफत वकील’ असं शोधलं. यात तिचं काहीच चुकलं नाही, कारण मोफत वकील मिळणं हा तिचा हक्कच आहे. पण शोधल्यावर सगळ्यात वर आली ती एक जाहिरात, आणि तिथूनच तिची लूट सुरू झाली. तिला विचारूनच हे लिहितेय.

फोनवरचा माणूस अगदी आदबीने बोलायचा. ‘ताई, सरकारी योजना आहे, वकिलाची फी शून्य. फक्त फाइल ऑनलाइन चढवायचे ४९९ रुपये भरा.’ रक्कम एवढी लहान की संशय यावा कशाला? मग आधार कार्ड, विवाह नोंदणीचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान, मुलाचा जन्मदाखला असं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतलं. पुढे नवऱ्याला नोटीस पाठवायचा खर्च निघाला, मग तातडीच्या सुनावणीचं शुल्क, मग ‘निकालानंतर परत मिळणारी’ अनामत. मध्ये एकदा व्हिडिओ कॉलवर काळा कोट आणि पांढरा बँड लावलेला एक जण आला आणि ‘तुमचं प्रकरण दाखल झालंय’ असं सांगून गेला. सगळे मिळून २६ हजारांच्या आसपास गेले. त्यात तिने मोडलेल्या भिशीचेही पैसे होते.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा जास्त संताप येतो. वकील समजून तिने त्या माणसाला घरातलं सगळं सांगितलं होतं. मारहाण, सासरच्यांचं बोलणं, आईलाही न सांगितलेल्या गोष्टी. तिने आणखी पैसे द्यायला नकार दिला तेव्हा त्याच आदबशीर आवाजाने धमकी दिली, ‘केस अर्धवट सोडलीत तर दंड बसेल, आणि तुमचे कागद तुमच्या नवऱ्याच्या वकिलाकडे जातील.’ त्यानंतर ती कित्येक रात्री झोपली नाही. कायद्याची मदत मागायला आलेली बाई आधीच घाबरलेली असते, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे. त्यांचा धंदाच त्या भीतीवर चालतो.

तिने मला पावत्या दाखवल्या. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, नावात ‘राष्ट्रीय’ आणि ‘विधी’ हे शब्द. पैसे मात्र यूपीआयवरून एका खासगी व्यक्तीच्या खात्यात गेलेले. केसचा म्हणून दिलेला सीएनआर नंबर (कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक केसला मिळणारा ओळख क्रमांक) मी मोजला, तर ११ अक्षरं. खरा सीएनआर १६ अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातल्या जिल्हा पातळीवरच्या कोर्टाचा असेल तर तो ‘एमएच’ने सुरू होतो आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये तो टाकला की पक्षकारांची नावं, कोर्ट, पुढची तारीख असं सगळं दिसतं, तेही फुकट. कुणी ‘केस दाखल केली’ म्हणालं की आधी हे तपासा.

आता खरी व्यवस्था काय आहे ते सांगते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतल्या व्यक्ती अशा अनेकांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला उत्पन्नाची अटसुद्धा नाही. विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे ही मदत देणाऱ्या सरकारी संस्थेने, नेमलेल्या वकिलाला तुमच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. कोर्ट फी, टंकलेखन, नकला हा खर्चही प्राधिकरणच करतं. त्यामुळे ‘वकील मोफत, फक्त बाकीचे चार्जेस’ असं कुणी म्हणालं की तिथेच फोन ठेवा. शिवाय बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करून अशिलं गोळा करता येत नाहीत. म्हणजे वकील पुरवतो अशी जाहिरात दिसली, तर तीच सावध होण्याची पहिली खूण.

मदत हवी असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. नुसता सल्ला हवा असेल तर टेली-लॉ या फोनवरून कायदेशीर सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा १४४५४ आहे. ऑनलाइन अर्जही करता येतो. आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे थेट जाता येतं. या सोयी चांगल्या आहेत, मी त्यांच्या बाजूची आहे. गावातल्या बाईला तालुक्याला न जाता वकिलाशी बोलता येतं, ही लहान गोष्ट नाही. पण फोनवर शोधणाऱ्याला खऱ्या सोयीच्या आधी भामट्याची जाहिरात दिसत असेल, तर त्या सोयीचा उपयोग काय? १५१०० हा आकडा रेशन दुकानावर, पोलीस ठाण्यात, एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवा. नुसतं ॲप काढून भागत नाही.

आम्ही १९३० वर फोन करून सायबर तक्रार नोंदवली. त्या खात्यात उरलेली थोडी रक्कम बँकेने गोठवली, बाकीची आधीच पुढे सरकली होती. अशा वेळी जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं. तिच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, बँकेला लेखी कळवलं, आणि चॅटचे स्क्रीनशॉट काही न पुसता जपून ठेवले. नंतर तिला जिल्हा प्राधिकरणात घेऊन गेले, तर ती दारातच थांबली आणि विचारलं, ‘इथेही आधार द्यायचा का?’ तिथल्या मॅडमनी न कंटाळता सगळं समजावलं, अर्ज भरून घेतला, वकील नेमून दिला. आता तिच्याकडे खरा सीएनआर आहे आणि पुढची तारीख ती स्वतः फोनवर बघते. त्या भामट्यांचा जुना नंबर बंद झालाय, पण तीच जाहिरात वेगळ्या नावाने मला अजून दिसते. तुम्हाला दिसली तर रिपोर्ट करा.